लक्ष्यवेधाचे पहिले पिस्तूल

पिस्तूल हा शब्द कानी पडला की मराठी माणसाला १८९७ सालची पुण्याची गणेशखिंड आठवते, किंवा १९०९ सालच्या डिसेंबरातले नाशिकचे विजयानंद नाट्यगृह आठवते. ते साहजिकच आहे. पेशवाईतल्या तमंच्याची गोष्ट सोडली, तर आधुनिक पिस्तूल आपल्याकडे आले ते साहेबाच्या कमरेला लटकत, आणि आपल्या हाती पडले ते त्याच साहेबाविरुद्ध. खेळाचे साधन म्हणून त्याची व आपली ओळख होण्याचा योग फार उशिरा आला. आज मी ज्या पिस्तुलाची हकिकत सांगणार आहे ते याच घराण्यात जन्मलेले, परंतु घराण्याचा धंदा सोडून दिलेले पिस्तूल आहे. कागदावरच्या काळ्या चांदाखेरीज ते दुसऱ्या कशाचाही वेध घेत नाही.

रायफल क्लबात नव्याने नाव घातलेला तरुण हटकून एक प्रश्न विचारतो : ‘पहिले पिस्तूल कोणते घ्यावे?’ या प्रश्नाच्या पोटात बहुधा दुसरा प्रश्न असतो, तो असा की कोणत्या कंपनीचे घ्यावे. जाणकार याचे उत्तर देतात ते कंपनीचे नाव घेऊन नव्हे. ते म्हणतात, आधी काडतूस ठरवा, पिस्तूल मागाहून ठरेल. आणि काडतूस ठरवताना सर्वांत लहान तेच घ्या. नवशिक्याला हे उत्तर रुचत नाही. आपल्याला पोरखेळ दिला असे त्याला वाटते. पण या एका साध्या वाक्यापर्यंत येण्यास जगातील नेमबाजांना जवळजवळ शंभर वर्षे लागली, आणि ती शंभर वर्षे कशी गेली हे पाहण्यासारखे आहे.

आरंभ पॅरिसमध्ये होतो. १८४५ च्या सुमारास लुई-निकोला फ्लोबेर नावाच्या तेथील एका बंदूककाराला एक युक्ती सुचली. त्या काळी बंदुका ठासणीच्या असत. नळीत दारू घालायची, वर गोळी ठासायची, आणि मागच्या बाजूला तांब्याची छोटी टोपी बसवायची. घोडा त्या टोपीवर आपटला की ठिणगी पडून आतली दारू पेटे. फ्लोबेरने दारूला रजाच दिली. त्याने टोपीच्याच तोंडावर शिशाची एक बारीक गोळी बसवली. टोपीतल्या स्फोटकाचा जोर गोळीला दहा-पंधरा पावले नेण्यास पुरेसा होता. आवाज टाळीएवढा, धूर नाममात्र, धक्का नाहीच. पॅरिसच्या दिवाणखान्यांत जेवणानंतर पाहुणेमंडळी या पिस्तुलांनी भिंतीवरच्या चकत्यांवर नेम धरू लागली. दिवाणखान्यातली म्हणूनच ती ओळखली जात. करमणुकीच्या या क्षुल्लक वस्तूत काडतुसाची सारी आधुनिक कल्पना सामावलेली होती, कारण गोळी, स्फोटक आणि धातूचे कवच ही तिन्ही येथे प्रथमच इतक्या सुटसुटीतपणे एका जागी आली.

पुढचा टप्पा अमेरिकेत झाला. स्मिथ आणि वेसन या भागीदारांनी फ्लोबेरच्या टोपीत थोडी दारू घातली आणि १८५७ साली तिच्यासाठी सात बारांचे छोटे रिव्हॉल्व्हर विकावयास काढले. गोळीचा व्यास इंचाचा सुमारे बावीस शतांश. आपल्याकडे ज्याला बावीस बोअर म्हणतात त्याचा हा मूळ पुरुष. १८८७ साली मॅसॅच्युसेट्समधील स्टीव्हन्स कंपनीने त्याचे कवच थोडे लांब केले, गोळी ४० ग्रेनची, म्हणजे सुमारे अडीच ग्रॅमांची बसवली, आणि जे काडतूस सिद्ध झाले तेच आजतागायत जगभर सरावासाठी वापरले जाते. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ एखादी यांत्रिक वस्तू जवळजवळ आहे तशीच चालू राहावी हा योग शिवणयंत्राच्या सुईखेरीज क्वचितच कोणाच्या वाट्याला आला असेल.

या काडतुसाची रचना समजून घेतली म्हणजे त्याचे गुणदोष आपोआप कळतात. मोठ्या काडतुसात पेटवणारे स्फोटक बुडाच्या मध्यभागी एका निराळ्या टोपीत असते. बावीस बोअरमध्ये तशी टोपीच नाही. बुडाशी जी कड बाहेर दुमडलेली असते तिच्या आतच स्फोटक भरलेले असते आणि पिस्तुलाची कळ त्या कडेवर आपटते. कड चेपण्याइतपत पातळ असावी लागते, म्हणून आतला दाब बेताचाच ठेवावा लागतो. दाब बेताचा, म्हणून धक्काही बेताचा. एकदा उडवलेले कवच पुन्हा भरता येत नाही. पण ते इतके स्वस्त पडते की कोणी भरण्याच्या भानगडीत पडत नाही. आणखी एक बारकावा नवशिक्याने ध्यानात ठेवावा. रिकाम्या पिस्तुलाचा चाप ओढून घरी सराव करण्याची नेमबाजांत रीत आहे, आणि ती उत्तम आहे. परंतु बावीस बोअरच्या पुष्कळशा जुन्या पिस्तुलांत रिकामी कळ नळीच्या धातूवरच आपटून तेथे खाच पडते. असा सराव आपले पिस्तूल सोसते की नाही हे विकत घेण्यापूर्वी विचारून घ्यावे.

एवढे सोयीचे काडतूस १८८७ पासून तयार असताना नेमबाजांनी ते लगेच उचलले असेल असे आपणांस वाटेल. तसे झाले नाही. आड आली ती प्रतिष्ठा.

१८९६ साली अथेन्सला पहिल्या आधुनिक ऑलिंपिक स्पर्धा भरल्या. बोस्टनहून जॉन पेन नावाचा गृहस्थ निघाला, तो वाटेत पॅरिसला उतरला आणि तेथील गास्टिन-रेनेत या प्रसिद्ध नेमबाजीच्या दालनात काम करणाऱ्या आपल्या भावाला, समनरला, बरोबर घेऊन गेला. तिकडे कोणत्या प्रकारची शस्त्रे चालतील याची दोघांनाही नीटशी कल्पना नव्हती. म्हणून त्यांनी निरनिराळ्या जातीची पिस्तुले आणि रिव्हॉल्व्हरे, शिवाय सुमारे ३,५०० काडतुसे बरोबर घेतली. प्रत्यक्षात शंभरही लागली नाहीत. लष्करी पिस्तुलाच्या २५ मीटर स्पर्धेत जॉन ४४२ गुणांनी पहिला आला, समनर ३८० गुणांनी दुसरा. यजमान ग्रीकांना अधिक लाजवू नये म्हणून जॉनने पुढच्या ३० मीटरच्या स्पर्धेतून अंग काढून घेतले, आणि ती समनरने जिंकली, तीही नेमक्या ४४२ गुणांनीच. राहिली द्रुतगती पिस्तुलाची स्पर्धा. तीत मात्र या भावांना घेतलेच नाही. कारण असे देण्यात आले की त्यांच्या पिस्तुलांचा बोअर ‘नेहमीचा’ नाही. ती स्पर्धा ग्रीसच्या इओआनिस फ्रांगुदिसने ३४४ गुणांनी जिंकली.

‘नेहमीचा’ या शब्दात सारा काळ बोलतो आहे. नेहमीचा म्हणजे लष्करी. पिस्तूल हे सैनिकी अधिकाऱ्याचे किंवा द्वंद्वयुद्ध खेळणाऱ्या सरदाराचे शस्त्र, आणि खेळ म्हणजे त्या शस्त्राची रंगीत तालीम, अशी त्या वेळची समजूत होती. ती किती खोल गेली होती पाहावयाचे असेल तर १९०६ सालच्या अथेन्सच्या खेळांकडे पाहावे. तेथे द्वंद्वयुद्धाच्या पिस्तुलांची स्पर्धाच होती आणि नेम धरायचा होता तो लांब कोट चढवलेल्या पुतळ्यावर. १९०८ साली लंडनला ऑलिंपिकच्या वेळी मेणाच्या गोळ्यांनी माणसांनी माणसांवर नेम धरण्याचे प्रात्यक्षिकही झाले. तोंडाला जाड मुखवटा आणि अंगात जाड अंगरखा असे. आज ते वाचताना हसू येते. पण त्या समजुतीचा परिणाम हसण्यासारखा नव्हता, कारण शिकाऊ माणसाच्या हाती पहिल्याच दिवशी जड लष्करी पिस्तूल दिले जाई आणि त्याचा हात कायमचा बिघडे.

हात का बिघडतो याचे गणित पाहू. पिस्तुलाला रायफलीसारखा खांद्याचा आधार नाही. समोरची माशी आणि मागची खाच यांच्यातले अंतर फार झाले तर वीतभर. ते २० सेंटिमीटर धरले आणि माशी खाचेत अवघा एक मिलिमीटर डावीकडे सरकली, तर २५ मीटरवर गोळी साडेबारा सेंटिमीटर डावीकडे जाते. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे त्या अंतरावरच्या निशाणातले दहा गुणांचे वर्तुळ किती मोठे? पाच सेंटिमीटर व्यासाचे. म्हणजे अर्ध्या मिलिमीटरची चूकही दहाच्या बाहेर घालवण्यास पुरेशी. आता अशा हातात ब्रिटिश सैन्याचे जुने वेब्ली रिव्हॉल्व्हर ठेवा. त्याची गोळी २६५ ग्रेनची, म्हणजे सुमारे सतरा ग्रॅमांची. बावीस बोअरच्या गोळीच्या साडेसहा पटींहून जड. बार झाला की मनगट वर उडते, कानठळ्या बसतात. पहिल्या दोन-चार बारांतच शरीर शहाणे होते आणि धक्का येण्यापूर्वीच त्याची तयारी करू लागते. चाप ओढण्याच्या क्षणी डोळा मिटतो, मनगट खाली दबते. नेमबाजाला वाटते की पिस्तुलाचा नेम खाली लागतो. पिस्तूल निर्दोष असते. खोट त्याच्या स्नायूंत शिरलेली असते, आणि स्नायूंची खोड मोडायला ती लागण्याच्या दसपट वेळ लागतो. आमच्याकडील छावणीच्या गावांतून, महूला काय, बेळगावला काय, चांदमारीवरचे जुने हवालदार यावर एक सोपी परीक्षा करीत. शिकाऊच्या नकळत पिस्तुलात एखादे रिकामे काडतूस घालून देत. बार झालाच नाही तरी पोराचे मनगट खाली झुकले की निदान पक्के. क्लबांतून ही परीक्षा आजही करतात.

विशेष असे की हा धडा खेळाडूंच्याही आधी शस्त्रे बाळगणाऱ्या खात्यांनीच गिरवला, आणि तोही काटकसरीपोटी. वेब्ली कंपनीने १९११ साली पोलिसांच्या सरावासाठी बावीस बोअरचे एकबारी पिस्तूल काढले. अमेरिकेत कोल्ट कंपनीने १९३१ साली आपल्या पंचेचाळीस बोअरच्या सुप्रसिद्ध लष्करी पिस्तुलाची बावीस बोअरची आवृत्ती काढली, कारण मंदीच्या त्या दिवसांत मोठी काडतुसे सरावात उधळणे परवडत नव्हते. आता गंमत पाहा. लहान काडतुसाने सराव स्वस्त झाला, तर तक्रार अशी आली की खरा धक्काच बसत नाही. मग १९३७ साली त्याच पिस्तुलात डेव्हिड मार्शल विल्यम्स या कारागिराची अशी एक योजना बसवण्यात आली की जिच्यामुळे लहान काडतुसाचा धक्का वाढून मोठ्यासारखा भासावा! लष्कराच्या दृष्टीने त्यात काही अर्थ असेलही. खेळाडूच्या दृष्टीने हा उलटा प्रवास होता, आणि खेळाडूंनी तो केला नाही हे चांगले झाले.

खेळाडूंसाठी स्वतंत्र पिस्तूल घडू लागले ते १९१५ नंतर. त्या वर्षी जॉन ब्राउनिंगच्या आराखड्यावरून कोल्टने बावीस बोअरचे आपोआप भरणारे पिस्तूल बाजारात आणले. पुढे ते वूड्समन या नावाने गाजले. पण ते स्वस्त नव्हते. सामान्य माणसाच्या आवाक्यात ही वस्तू आणली ती विल्यम रूगर याने. दुसऱ्या महायुद्धानंतर एका परतलेल्या सैनिकाकडून त्याला जपानी नांबू जातीचे पिस्तूल मिळाले होते. त्याची ठेवण पाहून त्याने आपले पिस्तूल आखले, आणि घन पोलाद कोरण्याऐवजी पत्र्याचे दोन भाग दाबून व सांधून त्याची मूठ बनवली. अलेक्झांडर स्टर्म या मित्राच्या भांडवलावर १९४९ साली ते विक्रीस आले. किंमत साडेसदतीस डॉलर. नेम अचूक, यंत्र साधे, बिघडले तर दुरुस्त करण्यास सोपे. अमेरिकेतील कितीतरी नेमबाजांचे पहिले पिस्तूल हेच होते.

युरोपात मात्र स्वस्ताईपेक्षा बारकाईकडे ओढा राहिला. बर्लिनच्या १९३६ च्या ऑलिंपिकमध्ये जर्मनीच्या कॉर्नेलिउस फान ओयेनने द्रुतगतीचे सुवर्णपदक जिंकले, त्या सुमारास वाल्थर कंपनीने खास या खेळासाठीच घडवलेले बावीस बोअरचे पिस्तूल पुढे आलेले होते. अथेन्सला ‘नेहमीचा नाही’ म्हणून ज्याला दारातून परत लावले, तो लहान बोअर चाळीस वर्षांत घरचा मालक होऊन बसला. पुढे तर द्रुतगतीत स्टीव्हन्सपूर्वीचे, म्हणजे १८५७ सालचे आखूड काडतूसच अधिक सोयीचे ठरले, कारण चार सेकंदांत पाच निशाणे टिपायची तर धक्का जितका कमी तितके बरे. २००५ साली नियम बदलेपर्यंत हे सर्वांत दुबळे काडतूस जगातल्या सर्वांत चपळ नेमबाजांच्या हातात होते.

येथे कारोली टाकाच या हंगेरियन सार्जंटाची आठवण काढल्यावाचून पुढे जाता येत नाही. १९३८ साली लष्करी सरावात उजव्या हातात बॉम्ब फुटून त्याचा तो हात निकामी झाला. त्याने कोणाला न सांगता डाव्या हाताने सराव आरंभला, आणि दुसऱ्याच वर्षी जागतिक स्पर्धा जिंकणाऱ्या हंगेरीच्या संघात तो होता. मग युद्ध आले. १९४८ साली लंडनला, अडतिसाव्या वर्षी, त्याने ५८० गुणांचा जागतिक विक्रम करून द्रुतगतीचे सुवर्णपदक घेतले आणि १९५२ साली हेलसिंकीला ते राखले. ही कथा मनोबलाचे उदाहरण म्हणून नेहमी सांगतात, ते योग्यच. पण पिस्तूल निवडणाऱ्याने तीतून आणखी एक गोष्ट घ्यावी. पिस्तुलाची मूठ ही हाताची वस्तू आहे. कारखान्यातून येणारी कोरीव लाकडी मूठ बहुधा उजव्या, मध्यम पंजासाठी असते. डावखुऱ्याला किंवा लहान पंजाच्या मुलीला ती नुसती गैरसोयीची नव्हे, तर शत्रूच आहे. मूठ धरल्यावर तर्जनीचे पहिले पेर सहज, हात न वळवता, चापावर यावे. डोळे मिटून पिस्तूल समोर धरावे आणि मग डोळे उघडावे; माशी खाचेत आपोआप बसलेली दिसली तर ते पिस्तूल आपले. बसली नाही तर कंपनी कितीही नामांकित असो, ते दुसऱ्याचे. डावा डोळा प्रबळ आणि उजवा हात सराईत अशी अडचण पुष्कळांची असते. तीही विकत घेण्यापूर्वीच तपासून घ्यावी.

हाताला डोळ्याहून अधिक कळते याचा पुरावा हवा असेल तर तो रशियात सापडतो. मिखाइल मार्गोलिन हा तरुणपणीच, १९२४ साली, चकमकीत जखमी होऊन दोन्ही डोळ्यांनी अंध झाला. त्याने बोटांनी चाचपून शस्त्रांची रचना शिकून घेतली, नमुने घडवून आपल्या कल्पना कारागिरांना समजावल्या आणि बावीस बोअरचे एक पिस्तूल आखले. इझेव्हस्कच्या कारखान्यात ते निघू लागले आणि सोव्हिएत नेमबाजांच्या पिढ्या त्यावर शिकल्या. त्याच्या मुठीचा कल आणि तोल इतका नेमका आहे की आंधळ्याने डोळसांना नेम धरावयास शिकवले असे म्हणण्यास हरकत नाही. मला विचाराल तर या साऱ्या इतिहासातले सर्वांत मनोवेधक पिस्तूल हेच.

आता या गोष्टीची कडू बाजू. बोअर लहान म्हणून पिस्तूल निरुपद्रवी, असा समज कोणी करून घेऊ नये. बावीस बोअरच्या गोळीने माणूस मरतो. १९९६ साली स्कॉटलंडमधील डनब्लेनच्या शाळेत एका बंदूकधाऱ्याने सोळा मुले आणि त्यांची शिक्षिका यांचे बळी घेतले. पुढील वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने आधी बावीस बोअरहून मोठी पिस्तुले बंद केली. निवडणुकीनंतर आलेल्या नव्या सरकारने बावीस बोअरचीही बंद केली. खेळाच्या पिस्तुलाने शंभर वर्षे जपलेला वेगळेपणा त्या शोकापुढे टिकला नाही, आणि मुलांच्या आईबापांपुढे तो वाद कोण घालणार? ब्रिटिश नेमबाजांना सरावासाठी परदेशी जावे लागले. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकसाठी खास परवानगी काढावी लागली. म्हणूनच पिस्तूल निवडताना त्याच्यासाठी कुलूपबंद पोलादी कपाट आणि काडतुसांसाठी दुसरे कपाट यांचाही खर्च त्याच अंदाजपत्रकात धरावा. ज्याच्या घरी तशी सोय होत नाही त्याने पिस्तूल क्लबातच ठेवावे.

आपल्याकडे हा प्रश्न आधी कायद्याचा होतो. १८७८ च्या कायद्याने हिंदी माणसाला परवान्याची सक्ती केली आणि युरोपियनाला सूट दिली. तो अपमान पुढच्या दोन पिढ्यांनी विसरला नाही. स्वातंत्र्यानंतर १९५१ साली राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्षपद गणेश वासुदेव मावळंकर यांच्याकडे आले. दादासाहेब मावळंकर मूळचे रत्नागिरीकडील घराण्यातले, जन्म १८८८ साली बडोद्याचा, वकिली अहमदाबादेची, आणि पुढे पहिल्या लोकसभेचे ते अध्यक्ष झाले. सत्याग्रहात अनेकदा तुरुंगात गेलेल्या गृहस्थाने बंदुकीच्या संघटनेचे अध्यक्ष व्हावे हे काहींना विचित्र वाटेल. मला तसे वाटत नाही. ज्या कायद्याने आपल्या हातून शस्त्र काढून घेतले होते, त्याच्या जागी शिस्तीने शस्त्र हाताळणारा नागरिक उभा करणे हे त्या पिढीला स्वराज्याचेच काम वाटले असले पाहिजे. त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा आजही भरते आणि राष्ट्रीय स्पर्धेचा रस्ता तिच्यातूनच जातो.

१९५९ चा शस्त्र कायदा १९६२ पासून अमलात आला, आणि आजही बावीस बोअरचे पिस्तूल स्वतःच्या नावे घ्यावयाचे तर परवाना लागतो, वयाची २१ वर्षे पुरी लागतात, आणि वर्षाला किती काडतुसे घेता येतील याचा आकडा परवान्यावर लिहून येतो. नवशिक्याने हा आकडा पिस्तुलाच्या जाहिरातीपेक्षा काळजीपूर्वक वाचावा. महिन्याला पन्नास बार करणाऱ्याचे उत्तम पिस्तूल आणि पाचशे बार करणाऱ्याचे साधे पिस्तूल यांत जिंकते ते साधे. म्हणूनच काडतूस आधी, पिस्तूल मागाहून. परवाना हाती येईपर्यंत क्लबाचे पिस्तूल क्लबाच्या चांदमारीवर, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली वापरावे. निरनिराळ्या मुठी हाताळून पाहण्याची याहून स्वस्त शाळा नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटरचे सुवर्णपदक मिळवले, किंवा इंदूरजवळच्या महू येथील लष्करी नेमबाजी केंद्रात तयार झालेल्या विजयकुमार यांनी २०१२ साली लंडनला द्रुतगतीचे रौप्यपदक आणले, ते याच बावीस बोअरवर.

परंतु गेल्या पन्नास वर्षांत पहिल्या पिस्तुलाची जागा आणखी एका धाकट्या भावंडाने घेतली आहे, आणि तेथे ही कथा जणू फ्लोबेरच्या दिवाणखान्यात परत जाते. ते म्हणजे हवेचे पिस्तूल. १९६५ साली जर्मनीतील ओबर्नडोर्फच्या फाइनवेर्कबाऊ कारखान्याने असे पिस्तूल काढले की त्याची नळी व यंत्र बार होताच रुळावरून मागे सरकत आणि हाताला धक्का म्हणून जाणवतच नसे. १९७० पासून जागतिक स्पर्धेत आणि १९८८ पासून ऑलिंपिकमध्ये या पिस्तुलाला स्थान मिळाले. छर्रा साडेचार मिलिमीटरचा, वजनाने अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. अंतर दहा मीटर. पण दहा गुणांचे वर्तुळ अवघे साडेअकरा मिलिमीटरचे, शर्टाच्या गुंडीएवढे. पोरखेळ म्हणणाऱ्याने एकदा धरून पाहावे. साडेचार मिलिमीटर बोअरच्या आणि २० जूलच्या आतील ताकदीच्या हवेच्या शस्त्रांना २०१६ च्या नियमांनी परवान्यातून सूट दिली आहे. शिवाय छर्रा नळीतून तुलनेने सावकाश बाहेर पडतो, तेवढ्या अवधीत हात हलला तर चूक निशाणावर उमटते. म्हणजे शिक्षक म्हणून ते बावीस बोअरहूनही कडक. २०२४ साली पॅरिसला, जेथे हे सारे सुरू झाले त्याच शहराच्या नावे भरलेल्या ऑलिंपिकमध्ये, मनू भाकर यांनी पहिले कांस्यपदक घेतले ते या पिस्तुलावर.

तेव्हा आज पिस्तूल घ्यावयास जाणाऱ्याने पुढील गोष्टी पाहाव्यात. बावीस बोअरचे घेत असाल तर वजन १,४०० ग्रॅमच्या आत आणि आकार ३० गुणिले १५ गुणिले ५ सेंटिमीटरच्या पेटीत मावणारा हवा, नाहीतर स्पर्धेच्या दारातूनच परत यावे लागेल. हवेच्या पिस्तुलाला वजनाची मर्यादा १,५०० ग्रॅमची. मागची खाच स्क्रूने दोन्ही दिशांना सरकवता आली पाहिजे. सुटे भाग कोठे मिळतात आणि दुरुस्ती कोण करतो हे दुकानदाराला नव्हे, क्लबातल्या जुन्या नेमबाजाला विचारावे. जुने पिस्तूल मिळत असेल तर जरूर पाहावे. बावीस बोअरची नळी नीट निगा राखली तर पिढी टिकते, आणि बिघडते ती झिजण्याने नव्हे, पुसण्याच्या आळसाने किंवा पुसण्याच्या अतिरेकाने.

राहता राहिला चाप. स्पर्धेच्या नियमाप्रमाणे बावीस बोअरच्या २५ मीटर पिस्तुलाचा चाप निदान एक किलोचा आणि हवेच्या पिस्तुलाचा निदान अर्ध्या किलोचा लागतो. तपासण्याची रीत अगदी साधी आहे. पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करून घेतात, हवेचे असेल तर त्यात हवा भरलेली असते. मग नळी आकाशाकडे उभी धरतात, चापाच्या मध्यावर ठरलेले वजन अडकवतात आणि ते टेबलावरून सावकाश उचलतात. वजन टेबलापासून सुटून वर आले आणि चाप जागचा हलला नाही, तर पिस्तूल उत्तीर्ण. पैसे मोजण्यापूर्वी ही परीक्षा आपल्यासमक्ष करून घ्यावी. विकणाऱ्याने कुरकुर केली तर पिस्तूल परत ठेवून यावे.